होल्स्टरच्या झाकणातला रिकामा कप्पा

१४ जाने., मंगळ. (संक्रांत)

सापडली! चौदा वर्षं शोधत होतो ती पट्टी इथेच, नंदुरबारात, घरापासून सायकलने दहा मिनिटांवर. घाईघाईत लिहितोय, ओळी वाकड्या. चित्रकलेच्या मास्तरचं अक्षर असं!

झालं काय, आमच्या सौ. शोभाच्या शिलाई मशीनचा धागा तुटत होता. तिळगूळ खाऊन मशीन सायकलला बांधली आणि यूसुफचाचांच्या मशीन-दुरुस्तीच्या दुकानात नेली. त्यांनी पेटीत हात घालून जे बाहेर काढलं ते बघून मी जागीच थिजलो. बोटाएवढी, काटकोनात वाकवलेली पोलादी पट्टी. मधे गोल भोक. जर्मन सैनिकाला लुगर पिस्तुलाबरोबर मिळायची तीच! भोक मॅगझिनच्या बोंडावर अडकवायचं, स्प्रिंग खाली ओढून गोळ्या भरायच्या, टोकाने स्क्रू फिरवायचे. होल्स्टरच्या, म्हणजे पिस्तुलाच्या चामडी पिशवीच्या, झाकणात तिच्यासाठी वेगळा कप्पा असतो. माझं होल्स्टर सारंगखेड्याच्या घोडेबाजारात खोगिरांच्या ढिगातून उचललेलं. तेव्हापासून तो कप्पा रिकामा.

आणि चाचा तिने बॉबिनचा स्क्रू पिळतायत.

"काय व्हयनं सर? मशीन बरी शे तुमनी."

पैसे दिले, मशीन सायकलला बांधली. घरी येऊन शोभाला सगळं सांगितलं. ती म्हणे, "धागा तुटस का आते?"

१५ जाने., बुध.

होल्स्टर पेपरात गुंडाळून नेलं. चाचांना समजावून सांगितलं, हे काय, ते काय. पिस्तूल माझ्याकडे नाही, कधी घेणारही नाही, हेही सांगितलं (गल्लीत आधीच कुजबुज आहे). होल्स्टर, नळी साफ करायची सळई, तेलाची कुपी, पट्ट्याचं बक्कल, एवढीच आपली फौज.

पट्टी कप्प्यात सरकवली. बसली! अशी बसली की मी टाळीच वाजवली.

मग चष्मा लावून टोक बघितलं. अरेरे! कानशीने घासलेलं. कारखान्याचा ठसा अर्धा गायब.

"मन्हा बापनी घसं," चाचा अगदी कौतुकाने सांगतायत. "जाड व्हतं. मशीनना स्क्रूमा जाये नई."

त्यांच्या वडिलांना ती लष्करी भंगारात मिळाली होती. असा गाढवपणा शिलाई मशीनवालाच करू जाणे.

तरी मागितली. नाही म्हणाले. हसत हसत, पण नाही.

१७ जाने., शुक्र.

पुण्याच्या संग्राहक मित्राला फोन. "घासलीय? ठसा गेलाय? मग सोडा हो. नुसता स्क्रू-ड्रायव्हर राहिला तो."

रागच आला. परवा मीही हेच म्हणत होतो, तरी आला. याच्याकडे असल्या तीन आहेत, काचेच्या कपाटात, कापसावर. एकीने तरी आजवर स्क्रू फिरवलाय का?

शोभा ऐकत होती. "पिस्तूल नई, काई नई, नुसत्या पिशव्या जमाडी ऱ्हायनात. आते स्क्रू-ड्रायव्हरमागे पडनात!" आणि हसून हसून तिला ठसका लागला.

मला ती पट्टी हवीच आहे. झालं तर मग.

२० जाने., सोम.

पुन्हा चाचांकडे. सरळ विचारलं, काय केलं म्हणजे द्याल?

चाचांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "सर, आमना घरमा हत्यार इकतस नई. ज्याले काम येस त्याले जास. मन्हा बापनी मन्हे तसंच दिधं. मी एकला मशीन उघाडी जोडं, मंग दिधं."

त्यांची दोन्ही मुलं सुरतेला, कपड्याच्या कामात. कुणी हे शिकलं नाही.

"तुमले काम येस का?"

"नाही येत."

"मंग बठा आठे." आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं.

बसलो. एकसष्टाव्या वर्षी.

३० जाने., गुरु.

दहा दिवसांत बोटं काळी. काल शोभाने माझा चहाचा कप पुसला, मी धरायच्या आधी नाही, धरून झाल्यावर. खालचा दोरा गुंतवणारं शटल, बॉबिन, कापड सरकवणारे दाते, सुईची दांडी… ओळखता येतात. जोडता येत नाहीत. माझ्या हाती साधा स्क्रू-ड्रायव्हर देतात, लाकडी मुठीचा. पट्टीला हात लावू देत नाहीत.

आज एक जुना विद्यार्थी आला, आता टेलर आहे. "सर, तुम्ही आठे?" मी म्हटलं, शिकतोय. त्याला इतका आनंद झाला! वर्गात त्याला मी कायम शेवटच्या बाकावर बसवायचो.

खरं लिहितो, रोजनिशीशी काय लपवायचं. कामात रस म्हणून नाही बसलेलो. पट्टीसाठी बसलोय. चाचा एवढ्या मनापासून शिकवतात की कधी कधी लाज वाटते.

१६ फेब्रु., रवि.

म्हसावदहून आलेली मशीन आज पूर्ण मीच जोडली. तेल घातलं, फडक्याने चमकवली, ऐटीत मागे सरलो. टेबलावर एक स्क्रू उरलेला.

चाचांनी तो चिमटीत धरून उजेडात बघितला. "हाऊ कोणना? तुमना का मशीनना?"

सगळं परत उघडायला लावलं. चार वाजले. स्क्रू कुठला ते सापडलं तेव्हा आम्ही दोघंही लहान पोरांसारखे ओरडलो. समोरचा पानवाला बघायला आला.

घरी येताना गात होतो म्हणे. शोभा सांगते.

६ मार्च, गुरु.

रमजान. टेलर लोकांची झुंबड, सगळ्यांचे कपडे ईदच्या आत हवेत, आणि मशिनी नेमक्या आत्ताच रुसतात. चाचांचा रोजा. पाण्याचा थेंब नाही, तरी चिडचिड नाही. मी आपला मागे जाऊन चोरून पाणी पितो. त्यांना कळतं. आज स्वतःच माठाकडे बोट दाखवलं. "पेवा ना सर, चोर शेतस का तुम्ही?"

त्यांचं उजवं मनगट सुजलंय. दाखवत नाहीत.

२६ मार्च, बुध.

प्रकाशा गावचा टेलर मशीन टेम्पोत घालून आला. शटल अडकलेलं, तीस ड्रेस बाकी, रडायच्या बेताला आलेला. चाचांनी पट्टी उचलली, पिळायला गेले, पट्टी हातातून निसटली. पुन्हा उचलली. पुन्हा निसटली.

मग ती माझ्यासमोर धरली. "करा."

घेतली. शटलचा स्क्रू आत, अडचणीत, बारीक खाचेचा. लाकडी मुठीचा तिथे पोचेचना. पट्टीचं घासलेलं टोक मात्र खाचेत अलगद जाऊन बसलं. न घासलेली गेलीच नसती. चाचांच्या वडिलांनी बरोबर घासली होती. गाढव मी.

दुपारच्या नमाजानंतर बसलो होतो, चाचांची रोजा सोडायची वेळ झाली तेव्हा मशीन चालली. सरळ, एकसारखा टाका! टेलर म्हणाला, "चाचा, नवा कारागीर बेस शे." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण कान तापले. चाचांनी पहिला खजूर मला दिला.

आत्ता लिहिताना लक्षात आलं. पाच तास हातात होती. ठसा एकदाही बघितला नाही.

३१ मार्च, सोम. (ईद)

शोभाला घेऊन चाचांकडे गेलो. दोन वाट्या शीरखुर्मा, तिसरीला शोभाने डोळे वटारले. निघताना चाचांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातावर ठेवलं. आधी तेलाचा वास आला, मग कळलं.

"न्या. तुमनी शे आते."

"चाचा, मनगट बरं होईल, तुम्हालाच लागेल ती…"

"सर, न्या ना!" जवळजवळ ओरडलेच. डोळे भरले होते. माझेही. चाचांचा हात धरून नुसता उभा राहिलो. शोभा चपला शोधण्यात गुंग असल्यासारखी वाकली.

घरी आल्या आल्या होल्स्टर खाली काढलं, झाकण उघडलं. पट्टी सरकवली. चौदा वर्षांनी पूर्ण! फोटो काढला, पुण्याला पाठवावा म्हणून. पाठवला नाही.

शोभा म्हणाली, "व्हयनं ना मनसारखं? ठी द्या आते कपाटमा."

ठेवणारच होतो. पण परवा धानोऱ्याची मशीन येणार आहे, तिचंही शटलच अडकलंय, आणि चाचांचं मनगट अजून तसंच.

होल्स्टर कपाटात ठेवलं. पट्टी शर्टाच्या खिशात आहे.