नव्या एल्बोची निगा

३ मार्च, सोमवार
बोटीला नवा एक्झॉस्ट एल्बो बसवला. जुना मिस्त्रीनं हातात दिला, तर आतून पार चाळणी. म्हणाला, काका, इंजिनाचा गरम धूर आणि समुद्राचं पाणी याच वाकड्या नळीत भेटतात. खारं पाणी लोखंड खातं.
मुलगा शेजारीच उभा. म्हणाला, बाबा, हे शेवटचं. पुन्हा इंजिन बिघडलं तर बोट विकायची आणि तुम्ही दोघांनी आमच्याकडे यायचं. चौथ्या मजल्यावर मी काय करू? पार्किंगमधल्या गाड्या मोजू?
निश्चय: हा एल्बो माझ्यामागेही टिकला पाहिजे.

५ मार्च
मिस्त्रीला उपाय विचारला. फेरी झाली की इंजिनाला नळाचं गोडं पाणी पाजा म्हणाला, पाच मिनिटं, पण इंजिन चालू ठेवून. का, ते सांगायला लागला. मी म्हटलं, कळलं. चाळीस वर्षं बोट हाकतोय.

६ मार्च, संध्याकाळ
इंजिन चालू ठेवून धुतलं. सगळा धूर शेजारच्या बोटीवर. तिथला खलाशी म्हणाला, आजोबा, डास मारताय का? चार माणसं बघायला जमली. मुलाच्या कानावर गेलं तर त्याला वाटेल, बिघडलं.
उद्यापासून इंजिन बंद ठेवून. पाणी ते पाणीच. डिझेलही वाचेल.

१० मार्च
बंद इंजिन, पाच मिनिटं, कुणाला पत्ता नाही. सकाळी एका दमात सुरू. मिस्त्रीला हे सुचलं नव्हतं.

१४ मार्च
जिवाला चैन नाही. पाच मिनिटांत मीठ ते काय निघणार? हिला विचारलं. ही म्हणाली, माझ्या गुडघ्यांना इतकं जपलं असतंत तर मी आज पळाले असते. मुद्द्याचं बोललीच नाही.
उद्यापासून पंधरा मिनिटं.

२२ मार्च, शनिवार, दुपार
उद्या मुलगा, सूनबाई आणि नात फेरीला येणार. म्हणजे परीक्षाच. नळ सोडला आणि चहाला गेलो. गप्पांत तास गेला. हरकत नाही. जास्त धुतल्यानं कोण मेलंय?

२३ मार्च
सगळे लाइफ जॅकेट घालून बसले. किल्ली फिरवली. टक. पुन्हा टक. नात म्हणाली, आजोबा, बोट नको म्हणतेय. मुलगा तिचं जॅकेट सोडवू लागला.
बॅटरीच असणार.

२७ मार्च
बॅटरी नाही. मिस्त्रीनं इंजिन उघडलं, आत पाणीच पाणी. म्हणाला, इंजिन बंद असलं की पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो. ते सायलेन्सरमध्ये तुंबतं आणि उलटं इंजिनात शिरतं. पिस्टन गंजून अडकले. काका, हेच सांगत होतो.
मी म्हटलं, मग पूर्ण सांगायचं होतंस.
एल्बो मात्र आतून लखलखीत. दोनदा दाखवला. मुलानं बघितला नाही.

३० मार्च
गिऱ्हाईक आलं. इंजिनात डोकावून म्हणालं, बोट राहू द्या, हा एल्बो तेवढा देता का? मुलानं पाना मागितला. एल्बो मीच काढला.
मग म्हटलं, थांब जरा, धुवून देतो.