पाटाकडेची तेवीस रोपे

खडकेवाडी, जि. सातारा
ता. ४ मार्च १९७९

चि. विजयमाला हिस आबाचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व ठीक आहे. तुझी खुशाली कळून तीन आठवडे झाले. पाटबंधारे खात्यात नकाशे काढणाऱ्यांना पोस्टकार्ड मिळत नाही काय? आमच्या बाईसाहेबांनी सांगलीत धरण बांधायला घेतले की काय, असे शेजारचा गुंडा रोज विचारतो. ती कागदावर बांधते, म्हणून ते फुटत नाही, असे त्याला सांगितले.

मुद्द्याचे लिहितो. संध्याकाळच्या पेकिंग रेडिओच्या हिंदी बातम्या मी चुकवत नाही, हे तुला ठाऊक आहेच. तिकडे मोठी उलथापालथ चालली आहे. घरटी भाजीचा वाफा, घरचा जोडधंदा आणि गावचा बाजार ही समाजवादाला पूरकच आहेत, त्यांत कुणी ढवळाढवळ करायची नाही, असे त्यांच्या पक्षाने डिसेंबरात ठरवले. कामाची जबाबदारी लहान लहान गटांवर सोपवली जात आहे. बंद पडलेले बाजार पुन्हा भरू लागले आहेत.

आपली सामुदायिक शेती सोसायटी बावीस वर्षांपूर्वी आपण त्यांच्याकडे बघूनच काढली. एकोणीस घरांनी आपापले बांध नांगरून बासष्ट एकर एक केले. आता लोक थकले आहेत. घंटा वाजली की सगळे रानात येतात, पण खुरपे कुणाचेच हलत नाही. तेव्हा मी ठरवले आहे की विहीर, इंजिन आणि पाट सामाईक ठेवायचे आणि निम्मी जमीन चुलीगणिक वाटायची. जितक्या चुली तितके वाटे. मालकी सोसायटीची, पीक ज्याचे त्याचे. जुने बांध आता कुणालाच सापडत नाहीत, म्हणून मोजणी हवी. तुझ्या मोजणीच्या साखळीवर सगळ्यांचा विश्वास आहे. माझ्यावर आहे की नाही, हे मी विचारत नाही.

दुसरे असे की वाटा म्हटला की राबणारे हात लागतात. तुझी आई पंधरा वर्षे म्हसवडला अर्जुनाकडे राहिली. एवढा काळ भावाकडे राहणे पुरे झाले. आता तिला पाटाकडेला वांगी लावायची असतील तर लावू दे, माझी हरकत नाही. तू लिहिलेस तर ती ऐकेल.

माया आहेच, ती कागदावर काय मांडायची.

तुझा आबा,
नाथाजी

—

सांगली
ता. ९ मार्च १९७९

ती. आबांना विजयमालाचा सा. न. वि. वि.

पत्र काल मिळाले. मोजणीला मी येईन. २४ तारखेला चौथा शनिवार आहे, २५ ला रविवार. साखळी आणि नकाशा काढायचा फलक मी आणीन. बाभळीच्या दीडशे खुंट्या तासून ठेवायला गुंडाकाकांना सांगावे, सगळ्या एका उंचीच्या.

आईला मात्र मी लिहिणार नाही. कारण देते.

बासष्टच्या नोव्हेंबरात पोलीस तुम्हाला चीनचा माणूस म्हणून घेऊन गेले. त्याच महिन्यात शालूबाईंचा दीर चीनच्या लढाईत तिकडच्या डोंगरात मारला गेला. आपल्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. लोकांनी आईचे नाव चिनीण ठेवले. शालूबाईंनी आमच्या दारात शेण टाकले. आई ते काढी, दार सारवी आणि घंटा झाली की सोसायटीच्या रानात जाई. मी आठ वर्षांची होते. मी तिच्याबरोबर जाई, कारण शाळेत मला कुणी शेजारी बसू देत नसे.

सोसायटीकडून मिळणारे धान्य पुरेना, तेव्हा आईने पाटाच्या भरावावर वांगी लावली. पट्टी तीन फूट रुंद आणि एक्केचाळीस फूट लांब होती. ती मी माझ्या पावलांनी मोजली होती आणि ओव्हरसीयरच्या परीक्षेनंतर एकदा टेपने पडताळून पाहिली. त्या जागेत सोसायटीचे पीक कधी नव्हते आणि आजही नाही. पहिली वांगी आईने शालूबाईंच्या घरी दिली, त्यांच्या धाकट्याला ताप होता म्हणून.

चौसष्टच्या मेमध्ये तुम्ही सुटून आलात. ७ जूनला तुम्ही सभा भरवलीत आणि सगळ्यांना पाटावर नेलेत. हा खासगी मालकीचा कोंब आहे असे म्हणालात आणि स्वतःच्या हाताने ती रोपे उपटलीत. तेवीस. मी मोजत होते. तीन रोपांना वांगी धरली होती. आईने रोपे पदरात गोळा केली, शेळीपुढे टाकली, माझा हात धरला आणि म्हसवडची गाडी पकडली.

आता तुम्ही लिहिता, माझी हरकत नाही. तुमची हरकत कुणी विचारली होती? रेडिओ म्हणाला उपटा, तुम्ही उपटले. रेडिओ म्हणतो लावा, तुम्ही लावा म्हणता. मधल्या पंधरा वर्षांत त्या भरावाकडे एकदा तरी वाकून पाहिलेत का? माती तीच आहे.

लोभाची ओळ या पत्राखाली लिहीत नाही.

विजयमाला

—

खडकेवाडी
ता. १३ मार्च १९७९

चि. विजयमालास आशीर्वाद.

पत्र वाचले. बापाला हिशेब विचारायला शिकलीस, बरे झाले. शिकवले मीच.

पण तू एक विसरतेस. दीड वर्ष तुरुंगात काढून मी बाहेर आलो आणि पाहतो तो माझ्याच घरचा वाफा! उरलेली अठरा घरे काय म्हणाली असती? अध्यक्षाच्या बायकोला एक कायदा आणि गुंडाच्या बायकोला दुसरा? तिकडच्या लाखो बायकांनी आपले वाफे कम्यूनच्या हवाली केले होते. त्या वेळचे धोरणच तसे होते. धोरण चुकले असेल, तर ते आता त्यांनी दुरुस्त केले आहे आणि मीही करतो आहे. यात रागवण्यासारखे काय आहे? तेवीस वांग्यांवरून माणसाचे सारे आयुष्य मोजायचे नसते.

खुंट्या तयार आहेत. दोन बोटे कमीजास्त असतील, गुंडाला तुझ्या खात्यात नोकरी नाही.

तू सरळ रेघा काढतेस. माणसे सरळ रेघेत चालत नाहीत, हे तुला उशिरा कळेल.

आबा

—

सांगली
ता. १७ मार्च १९७९

ती. आबांना सा. न. वि. वि.

धोरणच तसे होते, असे तुम्ही लिहिलेत. म्हणून गुरुवारी कचेरी सुटल्यावर इथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. चीनच्या शेतीवरचे एक इंग्रजी पुस्तक मिळाले. त्यातले तक्ते वहीत उतरून घेतले.

घरटी वाफे काढून घेतले ते १९५८ मध्ये. लोक उपाशी मरू लागले, तेव्हा नोव्हेंबर १९६० मध्ये ते परत देण्याचा हुकूम निघाला. पुढच्या नियमावलीत गावच्या जमिनीपैकी शेकडा पाचपर्यंत जमीन त्यासाठी राखायचे ठरले. १९६४ साली ते नियम लागू होते.

तुम्ही जिचा हवाला देता, ती तुमच्याजवळची कम्यूनवरची पुस्तिका १९५८ ची आहे. साल कव्हरावर छापलेले आहे. तुम्ही तीच घेऊन तुरुंगात गेलात आणि तीच घेऊन बाहेर आलात. म्हणजे ७ जून १९६४ रोजी चीनमधल्या बाईच्या परड्यात भाजी उभी होती. रोपे उपटली गेली ती फक्त खडकेवाडीत. सहा वर्षे जुन्या कागदावरून.

आमच्या खात्यात जुन्या नकाशावर चर खोदला आणि कुणाचे घर पडले, तर नकाशाला दोष देत नाहीत. खोदणाऱ्याला विचारतात.

तुमची दोन्ही पत्रे आणि माझ्या दोन्ही पत्रांच्या नकला आईला आज पाठवत आहे. तिच्याविषयी आपण दोघांनी पुष्कळ लिहिले, तिला ते ठाऊक असावे.

लोभाबद्दल सध्या काही लिहिता येत नाही.

विजयमाला

—

म्हसवड
ता. २१ मार्च १९७९

विजूच्या आबास्नी भामाबाईचा नमस्कार. लिवनार हरणाबाई, अर्जुनाची सून. आत्ती सांगत्यात तसं लिवलंय, एक बी अक्षर माझ्या पदरचं न्हाई.

पोरीनं सगळी पत्रं धाडली. हरणाबाईनं तीनदा वाचून दावली. तिसऱ्यांदा तिलाच रडू आलं, मला न्हाई.

आवं, चीनमधी तवा वांगी हुती का नव्हती, त्याच्याशी मला काय करायचं हाय? पोरगी म्हनती हुती. असत्याल. पर नसती तरी तुमी उपटायची का? हात तुमचं हुतं, पेकिंगवाल्याचं न्हवतं. त्या चीनपायी मी दारातलं शेण काढलं, तवा तुमाला कवा काय म्हनलं न्हाई. आन पोरीला बी सांगा, पुस्तकात बघून माझी बाजू घिऊ नगंस म्हनावं. पुस्तक नव्हतं तवा बी माझी बाजू हुती.

तुमी हरकत न्हाई म्हनता. मी इचारलीच न्हवती. तवा बी न्हाई, आता बी न्हाई.

तुमी लिवलंय, जितक्या चुली तितकं वाटं. लय ब्येस. चौसष्टच्या जूनपास्नं माझी चूल निराळी हाय. अर्जुनाच्या घरात ऱ्हाती, पर चुलीचं तीन दगड माझं आन तवा बी माझा. मग एकोनीस कसं? इसावा वाटा काढा, माझ्या नावानं, पाटाकडचा. तुमच्या वाट्यात राबायला हात पायजेत म्हनं. तुमाला बी दोन हायेत. तुमची भाकरी तुमी थापा, खुरपं बी तुमीच चालवा.

आखितीच्या सणाला येती. शालूबाईच्या सोप्यात ऱ्हाईन, तिला सांगून ठेवा. ती न्हाई म्हनायची न्हाई. त्याच्या आधी सभा घ्या आन ह्ये पत्र सगळ्यांम्होरं वाचा, तुमच्या तोंडानं. गुंडाभावजींच्या न्हाई.

हितं पान्याची बोंब हाय. डोक्यावरनं घागरी आनून मी पंधरा वर्सं चार-चार झाडं जगिवली. ती कुनी उपटली न्हाईत.

माया उरलीया का न्हाई ते आल्यावर बघू.

भामाबाई

—

खडकेवाडी
ता. १ एप्रिल १९७९

चि. विजयमालास आशीर्वाद.

मोजणीच्या दोन दिवसांत तू माझ्याशी आकड्यांशिवाय बोलली नाहीस. गुंडाने मला नंतर विचारले, पोरगी बापाशी बोलत होती का साखळीशी. मी म्हटले, साखळीशी जरा गोडीने बोलत होती.

सभा काल झाली. तू इथे वाचलेस ते तुझ्या आईचे पत्र मी सगळ्यांसमोर वाचले. लालासाहेब सुभेदारांनी हरकत घेतली, की नवऱ्याचा वाटा असताना बायकोला वेगळा कसा. त्यावर शालूबाई उठल्या. शेणही आपणच टाकले होते आणि वांगीही आपल्याच लेकराने खाल्ली होती, वाटा द्यायचा नसेल तर आपल्या वाट्यातला अर्धा तोडून तिला द्या, असे त्या म्हणाल्या. मग गुंडा म्हणाला, अध्यक्षांनी नियम केला खरा, पण तो वाचता आला त्यांच्या बायकोला. सगळे हसले. मला हसता आले नाही. विसावा वाटा मंजूर झाला. हात मीही वर केला, सगळ्यांच्या शेवटी.

त्या दिवशी मी चुकलो, हेही सभेत सांगितले. मागे ऐकू आले नाही, अशी गुंडाने तक्रार केली. म्हणून पुन्हा सांगितले.

चार दिवस रेडिओ लावलेला नाही. विनाकारण कान तिकडे जातो.

तुझ्या आईला आल्या आल्या बरे वाटावे म्हणून आज सकाळी पाटाकडेच्या पट्टीत वांग्याची रोपे लावली. तेवीसच लावली. हे तिला कळवू नकोस, येऊन बघू दे.

तुझ्या दोन ओळींची वाट पाहतो.

आबा

—

सांगली
ता. ५ एप्रिल १९७९

ती. आबांना सा. न. वि. वि.

सोबत नकाशाच्या दोन प्रती आहेत. वाटा क्र. २०, भामाबाई. पाटाकडेची तीन फूट बाय एक्केचाळीस फूट पट्टी त्यात धरलेली आहे. सोसायटीच्या शिक्क्यासाठी कोपऱ्यात जागा सोडली आहे.

शनिवारी वाटा मंजूर झाला आणि रविवारी सकाळी तुम्ही त्यात शिरलात, असेच ना? कुणाला विचारलेत? तिथे तिला वांगीच लावायची आहेत, हे कुणी सांगितले? कदाचित मिरच्या लावील. कदाचित काहीच लावणार नाही, नुसती बसेल. पंधरा वर्षांपूर्वी न विचारता उपटलीत, या वेळी न विचारता लावलीत. पत्र सभेत वाचताना त्यातला एक शब्द तरी तुम्हाला ऐकू आला का? ते पुन्हा एकदा वाचा. सभेत नको, एकट्याने वाचा.

मी आईला काही कळवत नाही. ते तुम्ही सांगायचे आहे, ती गाडीतून उतरेल तेव्हा, पाटापर्यंत पोचायच्या आत.

आता घाबरून ती रोपे काढू नका. तुम्ही ते कराल, म्हणून स्पष्ट लिहिते. ऊन वाढले आहे. पहिले दहा दिवस रोज सकाळी पाणी घाला, मग एक दिवसाआड. पाटाला पाणी नसेल त्या दिवशी विहिरीवरून घागरीने आणा. आखितीपर्यंत तेवीसच्या तेवीस उभी पाहिजेत. मी येऊन मोजणार आहे.

आई आली की तिला विचारा, ठेवायची का काढायची. ती काढायची म्हणाली, तर ती काढील. तुम्ही हात लावायचा नाही.

लोभाची मोजणी अजून पुरी झालेली नाही. चालू आहे, इतकेच आज लिहिते.

विजयमाला