गोष्टीतला पाद्री

नॉकगरा, ४ नोव्हेंबर १९५८

ती. सबीनाताईस,
सा. न. वि. वि.

तुझी गोष्ट डब्लिनच्या मासिकात वाचली. तीही दुसऱ्यानं आणून दाखवली, हे जास्त लागलं. बाप्तिस्म्याआधी गेलं म्हणून बाळाला चर्चच्या आवारात पुरायला जागा नाकारणारा तो पाद्री मीच, हे इथल्या दूधवाल्यालाही कळलंय. जागा नाही म्हणाले ते थोरले फादर. मी त्यांच्या हाताखालचा, फक्त निरोप आणला. घरचं असं चव्हाट्यावर आणायचं होतं का? फेस्टसदाजींना नमस्कार. लोभ कमी झाला असला तरी तुटू देऊ नकोस.

तुझा,
कोल्मन

किलब्रॅक, ११ नोव्हेंबर

चि. कोल्मनला,
अ. उ. आ. (पाद्र्याला आशीर्वाद देणारी मी कोण म्हणा, पण तुझं शेंबडं नाक मीच पुसलंय.)

रागावू नकोस. तुला सांभाळूनच लिहिलंय. तेव्हा मी बाळंतपणाच्या अंथरुणात होते आणि फेस्टसनी तांबडं फुटायच्या आत, संत्र्यांच्या खोक्यातून पोरीला समुद्राकाठच्या खडकाळ तुकड्यात नेऊन पुरलं. बुडालेले बेवारशी खलाशी पुरतात तिथे. तिला दुःख होणार नाही, पण बाप्तिस्मा नाही म्हणून देवही कधी दिसणार नाही, असं तू मला समजावलंस. गोष्टीतला पाद्री हे सांगताना रडतो, कारण त्याचा त्यावर विश्वास आहे. पाद्र्यांवर माझा भरवसा उरला नाही, तुझ्या खरेपणावर आहे. म्हणून त्याला तसा केला.

बटाटे यंदा बरे आलेत. नाताळला ये, बदक पोसतेय. माया आहे तशीच आहे.

तुझी ताई

नॉकगरा, १६ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार लिहायचं धाडस होत नाही. तुझा पाद्री माझ्याहून बरा आहे. पोरीला पुरायच्या आदल्या सकाळी सुईण हॅना मला चर्चच्या फाटकाशी भेटली होती. पोरीनं दोन-तीन श्वास घेतले, तेवढ्यात आपण कपाळावर पाणी ओतून बाप्तिस्मा दिला, असं तिनं सांगितलं. अडचणीच्या वेळी कुणीही दिलेला बाप्तिस्मा खरा, हे मीच मुलांना शिकवायचो. पण थोरले फादर नाही म्हणून बसले होते आणि त्यांना चूक ठरवायची मला भीती वाटली. मी हॅनाला गप्प राहायला सांगितलं. पाद्र्याचा शब्द म्हणून ती गप्प राहिली. मला फार लाज वाटते, ताई. रविवारी वेदीवरून सगळं सांगणार आहे.

कोल्मन

किलब्रॅक, २० नोव्हेंबर

कोल्मन,

तुझं पत्र फेस्टसना वाचून दाखवलं. ते बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत बसले. मग म्हणाले, बाप्तिस्मा झाला म्हणजे नाव ठेवलं असणार. सहा वर्षं आम्ही तिला नुसतं 'ती' म्हणतोय. हॅना तर गेल्या वर्षी वारली. वेदीवरून काय सांगायचं ते सांग, आधी नाव कळव.

सबीना

नॉकगरा, २३ नोव्हेंबर

ताई,

हॅनानं नाव सांगितलं होतं. तेव्हा मी तिच्याकडे नाही, रस्त्याकडे बघत होतो, आम्हाला बोलताना कुणी पाहत तर नाही ना म्हणून. मी ते ऐकलंच नाही.

कोल्मन