पत्रक माझ्याकडेच राहील

३ फेब्रुवारी, सोमवार
जुना कॉम्प्युटर गेला. आधी वास आला, मग बारीक धूर, मग पडदा काळा. यांनी पेपरातून डोके वर न काढता विचारले, भाजी करपली का. सत्तावीस वर्षे त्याने प्रार्थना मंडळाचे पत्रक महिन्याच्या महिन्याला काढून दिले, कधी कुरकुर केली नाही. त्याच्यासाठी देवापुढे दोन मिनिटे बसले.
काळजीचे कारण नाही. कॉम्प्युटर गेला, लिहायचे सॉफ्टवेअर कुठे गेले आहे? त्याच्या फ्लॉप्या बिस्किटांच्या डब्यात नीट ठेवल्या आहेत. सूनबाईचा नवा लॅपटॉप घरात आहे. फ्लॉपी घालायची, सुरू करायचे. उद्या दुपारपर्यंत काम उरकेल.

४ फेब्रुवारी
लॅपटॉपला फ्लॉपी घालायची फटच नाही. चारी बाजूंनी पाहिले, उलटा करून पाहिले, बॅटरीच्या उजेडात पाहिले. सूनबाई म्हणाली, आई, आता फट नसते. एवढे पैसे घेतात आणि साधी फट देत नाहीत.
ती म्हणते, नव्यात लिहा, फुकट आहे. असेल फुकट. पण जुन्याचे पैसे आपण भरलेले आहेत, ते वाया घालवायचे? शिवाय जुन्यात माझी बोटे आपोआप जागेवर जातात. तोंडाने जप, हाताने पत्रक, दोन्ही एका वेळी होते. नव्यात दोन्ही बंद पडेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार. मंडळाची बैठक
प्रवचनकार ताई दरवर्षीप्रमाणे येणार. तारीख अध्यक्षीणबाईंनी बैठकीनंतर मला एकटीला सांगितली: बावीस, शनिवार, संध्याकाळी पाच. पत्रक वेळेवर हवे, असे अध्यक्षीणबाई म्हणाल्या. त्यावर बँकवाली (मंडळात नवी आहे, बँकेत नोकरी करते) म्हणाली, पत्रक कशाला, मी फोनवर सगळ्यांना एका मिनिटात कळवते. दोन-तीन माना हलल्या. कुणाच्या ते मी बघून ठेवले.
उभी राहून सांगितले की पत्रक माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. कॉम्प्युटरची किरकोळ अडचण आहे, दोन दिवसांत सुटेल.
अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "बघा हं. या वेळी नाही जमलं तर पुढचं हिच्याकडे देऊ. तुम्हालाही आराम."
आराम मी मागितला होता का?

८ फेब्रुवारी
दुरुस्तीवाल्याला बोलावले. फ्लॉप्या पाहून तो हसला, मग माझ्याकडे पाहून थांबला. दुकानात नेऊन सगळे सॉफ्टवेअर एका नखाएवढ्या पेनड्राइव्हवर घालून आणले. एवढ्याशा वस्तूचे एवढे पैसे का, असे विचारले तर म्हणाला, काकू, पैसे वस्तूचे नाहीत, शोधाशोधीचे आहेत. घासाघीस केली. त्याने चहा दोनदा घेतला, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला.
अडचण संपली. उद्या रविवार, सोमवारी सकाळी टायपिंग.

१० फेब्रुवारी
लॅपटॉप म्हणतो, हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालत नाही. पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तेच. बंद करून चालू केला, पुसून चालू केला, खिडकीजवळ नेऊन चालू केला. माझी परीक्षा पाहतो आहे, दुसरे काही नाही. चिकाटी माझी जास्त आहे हे त्याला अजून कळलेले नाही.
हे म्हणाले, "अगं, त्याला नाही म्हणता येतं. तुला ऐकता येत नाही."
संकल्प: यांच्याशी कॉम्प्युटर या विषयावर बोलायचे नाही.

१२ फेब्रुवारी
दुरुस्तीवाला पुन्हा. त्याने सांगितले की नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर बसवावा लागतो, मग जुन्या सॉफ्टवेअरला आपण घरीच आहोत असे वाटते. बसवला. छापायची सोयही जोडून दिली. पडद्यावर छोटी चौकट उघडली आणि तो ओळखीचा निळा रंग आला. माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. तेवढ्यात खाली ओळ आली: वापराची मुदत संपली आहे.
जुन्या कॉम्प्युटरवर कधी असे म्हणाले नव्हते. दुरुस्तीवाला म्हणाला, त्या कॉम्प्युटरचं घड्याळ बंद पडलं असेल, त्याला कुठलं साल चालू आहे हेच कळत नसणार. आणि निघाला. बोलता बोलता किती मोठी गोष्ट सांगून गेला ते त्याच्या लक्षातही आले नाही.

१३ फेब्रुवारी, सकाळी ११
लॅपटॉपची तारीख मागे नेली. साल १९९८. सॉफ्टवेअर विनातक्रार सुरू. मॅट्रिकला गणितात पहिली आले होते ते उगाच नाही.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ
सूनबाईचे इंटरनेट दुपारपासून बंद. मेल उघडत नाही, मीटिंगला जाता येत नाही. कंपनीच्या माणसाशी फोनवर तासभर बोलत होती. मी त्यात पडले नाही. देवापुढे बसून तिच्या इंटरनेटसाठी प्रार्थना केली.

१४ फेब्रुवारी
सूनबाईला कळले. "आई, तारीख तुम्ही बदललीत?" सॉफ्टवेअरची गरज होती म्हणून सांगितले. ती म्हणाली, "साहेब विचारत होते, काल दुपारी होतीस कुठे. काय सांगू, अठ्ठ्याण्णव साली होते?" आणि हसत सुटली. म्हणजे राग नाही.
तडजोड झाली. तिचे ऑफिस सुटल्यावर लॅपटॉप माझा आणि साल माझे. सकाळी ती तिचे साल परत लावून घेणार.

१७ फेब्रुवारी
बोटे अगदी जागेवर पडली. तीच चौकट, तीच फुले कोपऱ्यात. मजकूर: "येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता नेहमीच्या सभागृहात प्रवचन. सर्व भगिनींनी अवश्य यावे." खाली नामस्मरणावर माझे चार शब्द. तीनदा वाचून पाहिले, एक चूक नाही. वर तारखेची जागा जुन्या कॉम्प्युटरवर कोरीच यायची, या वेळी सॉफ्टवेअरने ती आपली आपण भरली, मला बघावेही लागले नाही. नव्या सॉफ्टवेअरला आहे का ही अक्कल?

१९ फेब्रुवारी
पत्रके छापली, घरोघरी स्वतः टाकून आले. पायांना गोळे आले. बँकवालीच्या दारात मात्र आपोआप सरळ उभी राहिले. ती म्हणाली, मी फोनवरही टाकू का? म्हटले, गरज नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी ४
सभागृहात आहे. चाळीस खुर्च्या मांडून घेतल्या. कमी पडतील अशी शंका आहे.

२२ फेब्रुवारी, घरी आल्यावर
पाच वाजता आम्ही चौघी. अध्यक्षीणबाई, बँकवाली, मी आणि प्रवचनकार ताई. सव्वापाचलाही चौघीच. ताई म्हणाल्या, आपण तोवर मनन करू, आणि डोळे मिटले. अध्यक्षीणबाईंनी बाहेर जाऊन एका भगिनीला फोन लावला. ती म्हणाली, पत्रक मिळालं ना, किती गोड कल्पना. जुना अंक आठवण म्हणून वाटलात. मी जपून ठेवलाय.
अध्यक्षीणबाईंनी चष्मा लावला, पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवले आणि कागद माझ्यापुढे धरला. १९ फेब्रुवारी १९९८.
मग चष्मा काढून पुसत बसल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.
बँकवालीने फोन काढला, अंगठ्याने काहीतरी लिहिले. मिनिटभरही लागले नसेल. पावणेसहापर्यंत सगळ्या खुर्च्या भरल्या, काही जणी घरातल्या चपलांवर आल्या. ताईंनी डोळे उघडले तर समोर गर्दी. त्यांना वाटले मननाचा प्रभाव.
नंतर चार-पाच जणी आवर्जून मला सांगायला आल्या, त्या काळचं काम किती सुबक असायचं नाही? मी आभार मानले. परवाचेच काम आहे हे सांगितले नाही. कामाला नावे ठेवायला कुणाला जागा नव्हती, हे महत्त्वाचे. चूक सालाची होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
बैठक. पुढचे पत्रक कुणाकडे, या प्रश्नाला उत्तर तयार ठेवून गेले होते. प्रश्न आलाच नाही. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, यापुढे पत्रक नको, फोनवर सगळ्यांना कळतं. बँकवालीने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. वाईट नाही मुलगी.
घरी आल्यावर यांनी पेपर बाजूला ठेवला. चहा स्वतः केला, मलाही दिला. साखर विसरले.
सॉफ्टवेअर मात्र आता उत्तम चालते आहे. सूनबाईने विचारले, आई, लॅपटॉपवरून काढून टाकू का ते?
म्हटले, राहू दे. कुणाच्या अध्यात ना मध्यात.