निळ्या काठाची थाळी

शनिवार, ९ ऑगस्ट २०१४

प्रिय एर्विनदादा,

सलोमीवहिनींना आणि मुलांना माझी आठवण सांग. पत्राच्या माथ्यावर आपण सगळे 'प्रभूची शांती असो' लिहितो, ते या वेळी लिहिलेलं नाही. विसरलो नाही. मी विसरणारा माणूस नाही, हे तुला माहीत आहे. कारण पुढे येईल.

तब्येत चांगली आहे. जेवण बरं, कॉफी पाणचट. खोलीतलं टेबल ओकचं आहे असं वसतिगृहाच्या व्यवस्थापकाने सांगितलं. ते ॲशचं आहे. मी त्याला बोलावून लाकडाची रेषा दाखवली. तो म्हणाला, "साहेब, टेबल हलत नाही ना? मग झालं तर." अशा लोकांशी काय बोलणार!

वखारीत माझ्या जागी लेव्हाय फळ्यांची प्रत लावतो आहे. त्याला माझा निरोप दे: प्रत्येक फळी उलटून बघ. चांगल्या बाजूला भुलू नकोस, प्रत वाईट बाजूवरून ठरते. मागच्या महिन्यात त्याने चेरीची गाठाळ फळी पहिल्या प्रतीत ढकलली होती.

नेओमी शिपशेवानाला बहिणीकडेच आहे. बहिणीचा गुडघा सुधारतो आहे.

आता इथलं. हा माझा तिसरा आणि शेवटचा उन्हाळा. बुधवारी पूर्ण हस्तलिखित द्यायचं, शुक्रवारी चॅपलमध्ये त्यातली काही पानं उभं राहून वाचायची, की पदवी. आठवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाने बाकीच्या परीक्षा वखारीच्या ऑफिसात बसून दिल्या आणि आता लेखनाची पदव्युत्तर पदवी घेतो आहे, याचा मला अभिमान आहे. अभिमान हे पाप आहे हेही ठाऊक आहे. पहिल्या वर्षी मी इथे यायला निघालो तेव्हा तू अंगणात म्हणाला होतास, "गोष्टी म्हणजे खोटं. खोटं बोलायला शिकण्यासाठी कॉलेजात जाणारा आपल्या घराण्यातला तूच पहिला." मी म्हटलं होतं, "येशूने कुठे नुसते नियम सांगितले? गोष्टीच सांगितल्या ना." तू हसलास आणि माझी बॅग गाडीत ठेवलीस. ते मला फार बरं वाटलं होतं.

इथली रीत अशी. सकाळी प्रार्थना, मग सगळे गोलाकार बसतात. एकाने लिहिलेलं आधीच सर्वांनी वाचलेलं असतं. एकेक जण त्याबद्दल बोलतो, आणि ज्याने लिहिलं त्याने मात्र तोंड उघडायचं नाही. मला हे सुरुवातीला जमेना. कोणी चूक बोललं की माझी जीभ शिवशिवते. आपल्याकडे प्रभुभोजनाआधीच्या सभेत बरोबर उलटं असतं. मंडळीचा पाळक म्हणून तू बाकांमधून येतोस, प्रत्येकासमोर थांबतोस, आणि देवाशी व सर्व माणसांशी शांती आहे, हे प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगायचं असतं. तिथे गप्प बसता येत नाही. इथे बोलता येत नाही.

परवा माझी पाळी होती. मी आपल्या जोएलचं प्रकरण दिलं होतं. सोबत जोडलेली पानं तीच. ती संध्याकाळ.

तू ती गोष्ट इतक्या उपदेशांत सांगितली आहेस की तुला पानं वाचायची गरज नाही. सकाळी सायकलवरून जाणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला एका पिकअपने उडवलं, आणि त्याच संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, त्याचे आईबाप आणि काका पाई घेऊन त्या ड्रायव्हरच्या घरी गेले आणि म्हणाले, आम्ही तुला क्षमा केली. वर्तमानपत्रात आलं. लांबून पत्रं आली. मी ते सगळं बारकाईने लिहिलं आहे. हॅगर्टींच्या पोर्चच्या दुसऱ्या पायरीचा खिळा वर आला होता. दाराची जाळी खालून फाटली होती. तो ड्रायव्हर, कोल्बी, पायांत फक्त मोजे घालून उभा होता आणि त्याच्या आईने त्याला मागून, दंडाला धरलं होतं. सफरचंदाची पाई अजून कोमट होती, दालचिनीचा वास येत होता.

सगळ्यांनी स्तुती केली. फक्त सिस्टर कोलंबा, सत्तरीची कॅथलिक जोगीण, माझ्या शेजारी बसते, ती म्हणाली, "महलॉन, तुमच्या लोकांना पाप करायला वेळ तरी मिळतो का रे? त्याआधीच क्षमा होऊन जाते!" सगळे हसले. मीही हसलो, ओठ मिटून.

मग फेअरलीबाई बोलल्या. त्या आमच्या शिक्षिका, मिसिसिपीच्या, बॅप्टिस्ट, आवाज असा की मागच्या बाकावरचा पेंगणारा ताठ बसावा. त्या म्हणाल्या, "खिळा दिसला मला, जाळी दिसली, मोजे दिसले. पण या पानांवर सारखं 'आम्ही', 'आम्ही' आहे. आई कुठे उभी आहे? तिचे हात कुठे आहेत? मला त्या पोर्चवर दोनच माणसं दिसतात."

मला बोलायची मुभा नव्हती. बरं झालं. कारण मी म्हणालो असतो, ती होती, माझ्या डावीकडे होती.

दादा, त्या पोर्चवर तू आणि मी होतो. आई, म्हणजे नेओमी, गाडीत बसून होती. तुला माहीत आहे. पायऱ्या चढताना तू एकदा मागे वळून पाहिलं होतंस. नंतर उपदेशात तू 'आईबाप' म्हणायला लागलास, मी ते दुरुस्त केलं नाही, आणि पुढे मलाच ती माझ्या डावीकडे दिसायला लागली. टेबलाच्या लाकडावरून भांडणारा मी.

इथे एक नियम आहे. जिवंत माणसाबद्दल लिहिलं असेल तर पदवीसाठी देण्याआधी ती पानं त्या माणसापुढे ठेवायची. फेअरलीबाई म्हणतात, "भावाबद्दल जगाला सांगण्याआधी भावाकडे जा, हे प्रभूने लेखकांना वगळून सांगितलेलं नाही." म्हणून ही पानं तुझ्याकडे आणि त्यांचीच एक प्रत शिपशेवानाला. नेओमीला ती काल मिळाली असतील. उद्या दुपारी फोन करणार आहे. पत्र तोवर बंद करत नाही.

रविवार, दुपार

फोन झाला. जसा झाला तसा लिहितो, सुधारत नाही.

तिने हॅलो म्हटलं. मी विचारलं, "वाचलंस?"

"वाचलं."

"मग?"

मागे तिच्या बहिणीच्या घरातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "पाई सफरचंदाची नव्हती."

मी म्हटलं, "सप्टेंबर होता. सफरचंदांचे दिवस. मला नीट आठवतं."

"दालचिनी लिहिली आहेस तू. मी दालचिनी घातलीच नव्हती. लिंबू पिळलं होतं. बेदाण्यांची होती, महलॉन."

दादा, बेदाण्यांची पाई आपल्याकडे कधी करतात, हे तुला सांगायला नको. एरवी कोणी ती टेबलावर आणली तर पोरंसुद्धा विचारतात, कोण गेलं?

ती म्हणाली, "बायका आल्या होत्या. मला काही करू देत नव्हत्या. हातातला झाडू काढून घेतला, नेओमी तू बस, नेओमी तू पड. मी म्हटलं, सगळं तुम्ही करा, एक पाई मला करू द्या. माझ्या पोराच्या मयताची पाई मी करणार. तेवढं एक मला करू दिलं त्यांनी. ती खिडकीपाशी निवत ठेवली होती. तू आलास आणि उचलून घेऊन गेलास."

"एर्विनदादा म्हणाला होता, रिकाम्या हाताने जायचं नाही."

"मला कोणी विचारलं?"

इथे तीन उन्हाळे गप्प बसायला शिकलो, ते आज उपयोगी पडलं.

"मी गाडीत बसले," ती म्हणाली, "कारण ती पाई तुझ्या मांडीवर होती आणि मला ती सोडवेना. वाटलं, शेवटच्या क्षणी तुला उमजेल. तू गाडीतून उतरलास आणि पायाने दार लोटलंस. दोन्ही हात भरलेले होते ना तुझे." मग, "थाळीही परत आली नाही. निळ्या काठाची, आईची माझ्या. तळाला माझ्या नावाची पट्टी चिकटवलेली होती. आपल्यात कोणाची थाळी कोणाकडे राहिली तर पुढच्या रविवारी परत येते. त्यांना काय माहीत आपली रीत? आणि मी मागायला कोणत्या तोंडाने जाऊ? क्षमा करणारी बाई थाळीसाठी दारात उभी?"

मी म्हटलं, "तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी घरात होतास? वखारीत होतास, नाहीतर वहीत. जोएलचं नाव या घरात आठ वर्षांत तू माझ्यापाशी एकदा तरी काढलंस का? आणि मग एक दिवस तुझ्या टेबलावर बघते तर पानंच्या पानं. जोएल, जोएल, जोएल. अनोळखी माणसांनी वाचावं म्हणून."

आता तुला खरं सांगतो. बहिणीचा गुडघा ईस्टरलाच बरा झाला. नेओमी तिथे शुश्रूषेसाठी नाही. ती गेली आहे. जाताना तिने भांडण केलं नाही. फडकी धुऊन वाळत घातली, ब्रेड कापून ठेवला आणि निघाली. मी मंडळीत सांगितलं, बहिणीच्या मदतीला गेली. आणि एप्रिलच्या सभेत तू आमच्या बाकापाशी आलास, तेव्हा मी म्हणालो, "शांती आहे. नेओमीनेही शांती कळवली आहे." तू मान हलवलीस आणि पुढे गेलास. तिने काही कळवलं नव्हतं. मी तिला विचारलंच नव्हतं. तिने खिडकीपाशी ठेवलेली पाई उचलली तसा तिच्या तोंडातला शब्द उचलला आणि तुझ्या हातात दिला. त्याच शब्दावर प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा मी त्या रविवारी खाल्ला, आणि साऱ्या मंडळीने खाल्ला.

माझी स्वतःची शांतीही खोटीच होती. कोल्बी आता पशुखाद्याच्या दुकानात असतो. भला मुलगा आहे, पोती स्वतः गाडीत टाकतो, "मिस्टर श्लाबाख, कसे आहात?" म्हणतो. मी "छान" म्हणतो आणि वळणावर गाडी थांबवून बसून राहतो. त्याचा राग येतो असं नाही. तो जिवंत असतो, दादा. त्याचं वय वाढत राहतं. एवढंच मला सोसत नाही, आणि एवढंच मला कोणाला सांगता आलं नाही, कारण आपण तर सूर्य मावळायच्या आत सगळं उरकून आलो होतो.

तुला दोष देत नाही. तू मला हाताला धरून नेलंस, कारण तू नेलं नसतंस तर मी काय केलं असतं याची तुला भीती वाटली होती. मलाही वाटली होती. तू तेव्हा माझा जीव वाचवलास असं मी अजून म्हणतो. पण गाडीत तिसरं माणूस होतं.

संध्याकाळच्या प्रार्थनेआधी फेअरलीबाईंना गाठलं आणि सांगितलं की बुधवारी हस्तलिखित देणार नाही, शुक्रवारी वाचणारही नाही.

"आणि पदवी?"

"थांबेल. पाईच चुकीची निघाली."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "दोन वर्षं तुम्ही माझे स्वल्पविराम दुरुस्त करत होता, मिस्टर श्लाबाख. आज पहिल्यांदा लेखकासारखं बोललात." मग त्यांनी माझा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. त्यांचाही एक मुलगा गेलेला आहे, हे मला आजच कळलं. तीन उन्हाळे मी त्यांच्यासमोर बसत होतो.

आता मागणं. ऑक्टोबरच्या सभेत तू आमच्या बाकापाशी येशील तेव्हा माझ्याकडून नेओमीचा शब्द घेऊ नकोस. फोनवर मी तिला म्हटलं, तुझं मी काही सांगणार नाही. ती म्हणाली, "माझं मी सांगीन." मी विचारलं, "म्हणजे येशील?" ती म्हणाली, "ते मी म्हटलं नाही." तेव्हा जागा रिकामी असली तर ती रिकामीच राहू दे. आणि मला विचारशील तेव्हा मी 'नाही' म्हणेन. एकाच्या 'नाही'ने सगळ्या मंडळीचं प्रभुभोजन पुढे ढकलावं लागतं, हे मला ठाऊक आहे. म्हातारे रुसतील, लेव्हायची आई माझ्याशी बोलणार नाही. हे तुला सभेत अचानक कळू नये म्हणून आधी तुझ्याकडे एकट्याकडे आलो आहे. आणि ती गोष्ट उपदेशात आता सांगू नकोस. निदान तिला विचारल्याशिवाय नको.

शनिवारी परत येतो. वखारीत जाण्याआधी हॅगर्टींकडे जाणार आहे. थाळी असेल की फुटली असेल, की कोणी कुत्र्याला पाणी पाजायला ठेवली असेल, माहीत नाही. मागून बघणार. त्या पायरीचा खिळा अजून वर असेल तर हातोडी गाडीत आहे, पण ती गाडीतच राहील. तू सोबत येऊ नकोस. आणि सलोमीवहिनींना सांग, काही करून देऊ नका. या वेळी मी रिकाम्या हाताने जाणार आहे.

पत्राच्या शेवटी 'शांतीत तुझा' लिहायची आपली रीत. तेवढी जागा खाली कोरी सोडली आहे.

 

तुझा,
महलॉन