टोरांटो ते हट्टा

सर, त्या दिवशी ‘मला माहीत नाही’ एवढं मी का म्हणाले नाही? सात वर्षं झाली, अजून हेच मी स्वतःला विचारते.

तुम्ही गेलात आणि तुमचा मुलगा टोरांटोहून निघाला. सकाळी दहाला त्याचा काकांना, तुमच्या धाकट्या भावाला, फोन आला. विमानात बसलोय, हैदराबादला उतरेन, मी येईपर्यंत थांबा. मग फोन बंद. अग्नी मुलाच्याच हातून द्यायचा हे ठरलेलं, पण त्याला यायला किती वेळ लागेल हे अंगणात कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणीतरी माझं नाव घेतलं. पदवीचा निकाल लागून महिनाही झाला नव्हता. आमच्या घरातली पहिलीच पदवी. कॉलेजचा फॉर्म तुम्हीच समोर बसवून भरून घेतला होता. मी मोबाईलवर दोन शहरांची नावं टाकली. टोरांटो ते हैदराबाद, जवळपास तेरा हजार किलोमीटर, साडेपंधरा तास. पुढं आपल्या हट्ट्यापर्यंत जीपचे सात. उद्या नऊ-साडेनऊला दारात, मी सांगून टाकलं.

काका जवळ येऊन बसले. हळूच म्हणाले, “मधी कुठं बदलावं लागतं का त्याला? आपून वसमतला बदलतो तसं.”

“काका, इमान हाय ते. एसटी न्हाई.”

दोन-चार जण हसले. काकाही हसले. मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे पत्र कुठंच जायचं नाही, म्हणून तरी खरं लिहिते.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजतात, दहा वाजतात, बारा होतात. ऊन भयंकर. वसमतहून दुसऱ्यांदा बर्फ आणलाय. मी पुन्हा मोबाईल काढते, पुन्हा तेच साडेपंधरा. काका विचारतात, “पोरी, बराबर बघितलं नं?” मी म्हणते, “व्हय.” शेवटी जाणत्या माणसांनी ठरवलं, आता काही तो येत नाही. दोन वाजता काकांनीच अग्नी दिला.

तो सहाला आला. दुबईत दुसऱ्या विमानासाठी आठ तास बसून होता. मोबाईलनं दोन शहरांमधली नुसती सरळ रेघ मोजली होती. तसं थेट विमान सुटतच नव्हतं.

“काका, चार तास थांबला काहून न्हाईत?” त्यानं विचारलं.

काकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, “माझंच चुकलं, बाबा.”

त्यानंतर तो गावाला आला नाही. काकांचा फोन उचलत नाही. आणि मी, सर, तुमच्यासारखी शाळेत शिकवते. पोरांनी अंदाजानं उत्तर ठोकलं की रागावते.

काल शाळा सुटल्यावर काकांकडं गेले. त्यांना समोर बसवून माझ्या फोनवरून तुमच्या मुलाला फोन लावला. काकांचा प्रश्न सांगितला, माझं उत्तर सांगितलं, लोक हसले तेही सांगितलं. तो म्हणाला, “काकांकडं दे.”

मी फोन दिला आणि बाहेर येऊन उभी राहिले. ते काय बोलले, ते ऐकायचं धाडस मला झालं नाही.