टाकीवरचा बिल्ला

प्रिय बारक्या,

तुझं काम झालंय. त्या जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचं हाउसिंग मागच्या टेबलावर फडक्यात गुंडाळून ठेवलंय, त्यावर कुणाला चहाचे कप ठेवू देऊ नकोस. ‘ताई, तुझ्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही’ म्हणून फोनवर गळ घातलीस, आणि त्याच दमात ‘बाबांपुढे तो जुना विषय काढू नकोस, त्यांना सोसणार नाही’ असंही बजावलंस. धन्य आहे तुझी! तू परगावी गेलास आणि गुरुवारी मी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं, अकरा वर्षांनी.

दोन दिवस लागले. रॉकेलमध्ये भिजवलं, ब्रशने कोपऱ्यांतलं घट्ट ग्रीस काढलं, जुनं पॅकिंग लाकडी पट्टीने खरवडलं. पोलादी पट्टीने मऊ धातूवर ओरखडा उठतो आणि मग तिथूनच तेल गळतं, हे तुला दहादा सांगितलं होतं. तू दहाही वेळा पोलादीच उचललीस. मग आतून रॉकेल लावलं आणि बाहेरून खडूची पूड फासली. तडा असला की पुडीवर ओली रेघ उठते. एका बोल्टच्या भोकापाशी उठली, बोटभर. तिथे वेल्डिंग करून घे, चालढकल करू नकोस. बाबा खुर्चीत बसून सगळं बघत होते. हात थरथरतात आता त्यांचे, नजर मात्र तशीच आहे.

याच गाडीचं पहिलं हाउसिंग तू विसरला असशील, मी नाही. भाग धुवायच्या कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत फक्त लोखंड आणि बीड सोडायचं, अ‍ॅल्युमिनियमला ते खाऊन टाकतं. म्हणून आधी लोहचुंबक लावून बघायचं, आणि जो वस्तू सोडेल त्याने आपल्या नावाचा पत्र्याचा बिल्ला टाकीच्या खुंटीला अडकवायचा, असा बाबांचा दंडक. ते कवच अ‍ॅल्युमिनियमचं, पण त्यावर काळं तेल बोटभर साचलेलं आणि तुला कुठे जायची घाई! चुंबक न लावताच सोडून दिलंस. सकाळी वर काढलं तर बेअरिंगच्या जागा पार खाल्ल्या गेलेल्या, आणि खुंटीला बिल्ला माझा. मी शपथेवर सांगत राहिले. बाबांनी सगळ्यांसमोर माझ्याकडून वर्कशॉपच्या किल्ल्या काढून घेतल्या, आणि तू खाली मान घालून नटबोल्ट धूत बसलास. नालायका! माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी रडत रडत कबूल केलंस, तेही मला एकटीला. बाबांना लवकरच सांगतो म्हणालास. मी वेडी, वाट बघत बसले. दर वेळी फोन वाजला की वाटायचं, सांगितलं वाटतं याने.

शुक्रवारी काम आटोपून हात धुताना मला राहवलं नाही. तू घातलेली अट मोडली आणि बाबांना सांगितलं, ते माझ्या हातून झालं नव्हतं. तर ते म्हणाले, ‘ठाऊक आहे.’ तुला माझा बिल्ला अडकवताना त्यांनी ऑफिसच्या काचेतून पाहिलं होतं. मला म्हणाले, ‘तू सासरी जाणारच होतीस, वर्कशॉप त्याला चालवायचं होतं, त्याच्यावर ठपका येऊन कसं चाललं असतं.’ इतकं सरळ! वर म्हणतात, ‘हात अजून चांगला आहे तुझा, येत जा अधूनमधून.’ हात पुसले आणि सरळ घर गाठलं. तिथूनच हे लिहितेय. अकरा वर्षं मी या आशेवर काढली की एक दिवस तू खरं सांगशील आणि बाबा मला हाक मारतील. आता तू धीर केलास तरी त्यांना नवीन काहीच कळणार नाही. त्यांची औषधं वेळेवर दे. मला पुन्हा बोलावू नकोस. यापुढे तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळा, मी तुम्हा दोघांनाही पुष्कळ सांभाळलं.

नाइलाजाने तुझीच,
ताई